हा कितवा डोळा?

आमच्या चेकरकाकांनी जन्मल्याबरोबर पहिला श्वास घेण्याआधी, ही हवा ताजी आहे का आणि ती कुणी पाठवली, याची चौकशी नक्की केली असणार. त्याशिवाय इतका मुरलेला संशय माणसाच्या अंगात येत नाही. काका म्हणजे सांगलीतले माझे घरमालक. एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून उभी हयात काढून निवृत्त झालेले, म्हणून गल्ली त्यांना चेकर म्हणायची आणि मी चेकरकाका. मूळचे आष्ट्याचे. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि समोरच्याकडे बघताना मान किंचित तिरकी. ती मान तिरकी झाली की समोरच्याला उगीच वाटायचं, आपण काहीतरी लपवलंय. मी तर पहिल्या दिवशी पर्स उघडून बघितली होती.

नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नव्हती. दूधवाल्याच्या दुधाचा थेंब नखावर घेऊन ते उन्हात धरायचे आणि थेंब ओघळेपर्यंत दूधवाल्याला दारात उभं करायचे. घरात दोन वेगळ्या छापखान्यांची कॅलेंडरं होती. दोन्हींत संकष्टी एकाच दिवशी पडली तरच काकूंना उपास करायची परवानगी. हवामानखात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवून बाहेर पडायचे, आणि भिजून परत आले की म्हणायचे, "ह्यो योगायोग हाय." लग्नाला गेले की अक्षता हातात धरूनच मंडपातली डोकी मोजायचे. "ह्यातली शंभरएक मानसं शेजारच्या मांडवातली हायती," असं त्यांनी एकदा वधूपित्याच्या कानात सांगितलं होतं. तो बिचारा मुलीला निरोप देताना रडायचं सोडून पाहुण्यांकडे निरखून बघत बसला. आणि डॉक्टर म्हटला की काकांना जास्तच चेव यायचा. नाडी दाखवण्याआधी ते भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचायचे, पार खालच्या सहीपर्यंत. एका दवाखान्यात त्यांनी ती चौकट खाली काढून मागची बाजू दाखवा म्हणून सांगितलं, आणि दाखवली नाही तेव्हा तापासकट उठून घरी आले.

अशा माणसाच्या घरात मी भाड्याने राहायला गेले. मी साताऱ्याची. एम.बी.बी.एस. झाल्यावर डोळ्यांच्या पुढच्या शिक्षणाला सांगलीत प्रवेश मिळाला, आणि वडील मला घेऊन खोली बघायला आले. काकांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि मान तिरकी केली.

"म्हंजे अजून डॉक्टर न्हाईस."

"आहे की. एम.बी.बी.एस. पूर्ण झालंय."

"मग शिकतीस कशाला?"

"डोळ्यांची डॉक्टर व्हायला."

"व्हय? मग आत्ता कशाची हाईस?"

"तशी सगळ्याचीच."

काका वडिलांकडे वळले. "आवं, सगळ्याची डॉक्टर म्हनती. मग त्या सगळ्यात डोळं न्हवतं व्हय?"

वडिलांनी शांतपणे समजावून सांगितलं. साडेचार वर्षं अभ्यास, मग एक वर्ष इस्पितळात उमेदवारी, मग देशभरातल्या डॉक्टरांची एकच प्रवेशपरीक्षा, आणि त्यात क्रमांक लागला तर ही पुढची तीन वर्षं. काकांनी बोटांची पेरं मोजली. "साडेआठ. परीक्षेच्या तयारीचं एक साल धरलं तर साडेनऊ. दोन डोळ्यांस्नी? आमच्यात डायवर अख्खी गाडी शिकून घाटात घालतो तेवढ्यात." वडील हसले. काका हसले नाहीत. शेवटी आतून काकूंचा आवाज आला, "आवं, द्या खोली. डोळ्याची हाय, घरात उपेगी पडंल." तेव्हा कुठे एक महिना बघू, या अटीवर मला माडीवरची खोली मिळाली.

तिसऱ्याच दिवशी मी इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात बसले होते, तर रांगेत केसपेपर घेऊन काका उभे. मी खरंच तिथे आहे का, हे बघायला आले होते. पहिल्या वर्षाला आम्हाला कुणी शस्त्राला हात लावू देत नसे. दिवसभर चष्म्याचे नंबर काढायचे. काचा घालायच्या, काचा काढायच्या, "हे बरं दिसतं की हे" असं घसा बसेपर्यंत विचारायचं. काकांच्या नाकावर मी ती जड लोखंडी चौकट बसवली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. वरच्या दोन ओळी त्यांनी वाचल्या. तिसऱ्या ओळीला थांबले. मग म्हणाले, "ही वळ मुद्दाम बारीक केली हाय. गेल्या टायमाला मोठी हुती." मी म्हटलं, काका, पूर्ण तपासून घ्या, पडदाही बघू. ते चौकट काढून उठले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे तर चष्म्याच्या दुकानात बी करत्यात. साडेपाच वर्षं ह्यासाठी?" माझ्या मागे उभ्या असलेल्या आमच्या मॅडम, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, तोंडाला रुमाल लावून बाहेर निघून गेल्या.

खरा स्फोट झाला तो बकऱ्याच्या डोळ्यांवरून. आम्हाला टाके घालायचा सराव बकऱ्याच्या डोळ्यांवर करावा लागतो. माणसाच्या डोळ्यावर पहिला हात पडण्याआधी शेकडो टाके असे घालून झालेले असले पाहिजेत. रविवारी सकाळी मी स्टीलचा छोटा डबा घेऊन मटणाच्या दुकानात जायचे. मी मटण खात नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, त्यामुळे काकांना वास लागला आणि ते माझ्या मागोमाग आले. मी डबा घेते, मटण घेत नाही, आणि मटणवाला काही न तोलता डबा भरून देतो, हे त्यांनी रस्त्यापलीकडून बघितलं. घरी आले तोवर मी आंघोळ होईपर्यंत म्हणून डबा खालच्या फ्रिजमध्ये ठेवला होता आणि काकूंनी तो लोणी समजून उघडला होता. काकूंची किंकाळी गल्लीने ऐकली. "आवं, आठ हायती! आठी माज्याकडं बघायल्यात!"

मला वाटलं, आता बाडबिस्तरा. पण काकांनी पुरावा मागितला. मग मी गच्चीवर पाट मांडला, एक डोळा टाचण्यांनी थर्मोकोलवर बसवला, आणि केसाहूनही बारीक दोऱ्याने टाका घालून दाखवला. काका समोर उकिडवे बसले. मान तिरकी करून त्यांनी टाका निरखला. मग म्हणाले, "ह्यो टाका तिरका हाय." होता खरा. त्या दिवसापासून दर रविवारी गच्चीवर परीक्षा सुरू झाली. मी टाके घालायचे, काका मोजायचे; दोन टाक्यांमधलं अंतर कमीजास्त झालं की टाका तोडायला लावायचे. पुढे पुढे तर डोळे आणायलाही तेच जायला लागले, कारण मटणवाला मला कालचे डोळे देतो असा त्यांना संशय होता. "बघ, ह्याच्यात पानी हाय अजून. ताजा," असं म्हणत ते डबा उघडून दाखवायचे. काकू मात्र रविवारी फ्रिजला पाठ करून स्वयंपाक करायच्या.

दुसऱ्या वर्षी आम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मदत करू लागलो आणि मग एकेक पायरी आमच्या हातात आली. आज फक्त भूल द्यायची, महिनाभर फक्त पहिली चीर घ्यायची, मग फक्त भिंग बसवायचं. असं करत करत अख्खं ऑपरेशन, तेही शेजारी मॅडम सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीतून बघत असताना. हे सगळं एका वहीत लिहायचं असतं: किती बघितली, किती करताना मदत केली, किती स्वतः केली, आणि प्रत्येकाखाली शिकवणाऱ्याची सही. ही वही काकांना कळली तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. असलं काहीतरी डॉक्टर लोकांत असतं यावर त्यांचा विश्वास बसेना. ते वाचायचं भिंग घेऊन बसायचे आणि सह्या एकमेकींशी ताडून बघायचे. "ह्या पानावरची सई घाईत केलीया," म्हणायचे. शेवटच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक येतात, हे ऐकून तर ते म्हणाले, "मग हाय जरा बरं. घरचा तपासनीस कामाचा न्हाई."

आणि त्याच वर्षी माझ्या हातून ते झालं. तासगावजवळच्या बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या एक मावशी होत्या. ऑपरेशन चांगलं चाललं होतं. मोतीबिंदूचा शेवटचा बारीकसा भाग काढताना भिंगामागचा पातळ पडदा फाटला. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो तो. फाटलेला कळतसुद्धा नाही, फक्त डोळ्यातला सगळा आकार एकदम बदलतो. मॅडम म्हणाल्या, "सरक." मी सरकले. त्यांनी पाऊण तास खपून सगळं सावरलं, भिंग बसवलं. मावशींना दिसणार होतं. पण मी दुपारी घरी आले ती जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसले.

काका अंगणात होते. माझ्या हातातला डबा त्यांनी उचलून बघितला. "जेवली न्हाईस."

मी सांगून टाकलं. रडत सांगितलं. साडेसहा वर्षं झाली, तरी माझ्या हाताला येत नाही, मी हे सोडून देते, असं काहीबाही बोलले.

काकांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला: "त्या बाईचं काय?"

"मॅडमनी सावरलं. उद्या पट्टी काढू. दिसेल तिला."

"मग वहीत लिवलंस?"

"काय?"

"फाटलं म्हनून."

"अजून नाही."

"आत्ता लिव. उद्या सकाळी त्यातलं शब्द बदलत्यात." ते माझ्या शेजारी पायरीवर टेकले. मग माझ्याकडे न बघता बोलू लागले. "आष्ट्याच्या रस्त्याला एकदा गाडी धरली. मानसं एक्केचाळीस, तिकिटं चाळीस. कंडक्टर म्हनत हुता, सायेब, परत मोजा. मी न्हाई मोजली. रिपोर्ट केला. चार म्हैनं घरात बसला त्यो. मागनं ध्यानात आलं, दारातल्या मानसाला मी दोनदा मोजलं हुतं."

"मग तुम्ही सांगितलंत ना तसं?"

"न्हाई." काकांनी खिशाचं पेन काढून परत खोचलं. "कामावर आला त्यो परत. माज्यामुळं न्हवं. तवापासनं मी सगळंच दोनदा मोजतो. पर त्याचं काय, त्यो गेला की रिटायर हून."

मी त्यांच्यासमोर वही काढली आणि लिहिलं. त्यांनी भिंगातून वाचलं. "फाटला न्हवं, फाडला," म्हणाले. मी शब्द बदलला. दुसऱ्या दिवशी मावशींची पट्टी काढली तेव्हा त्यांनी माझ्या एप्रनचं बटण तुटलंय हे मला सांगितलं. संध्याकाळी मी ते काकांना सांगितलं. ते म्हणाले, "एप्रन दाव." खरंच बटण तुटलं होतं.

यानंतर काही महिन्यांनी काका स्वतःच पकडले गेले. आष्ट्याला भावकीत जायचं म्हणून स्टँडवर गेले आणि तासगावच्या गाडीत बसले. आयुष्यभर गाड्यांवर काढलेला माणूस चुकीच्या गाडीत! तरण्या कंडक्टरने "काका, ही तासगावला जातीया" म्हटल्यावर ते आधी म्हणाले, पाटी बदललीय. खाली उतरून पाटी वाचायला गेले तर पाटीवरची अक्षरं धड लागेनात. घरी आले आणि जेवण झाल्यावर माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. "तपास," म्हणाले.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून तपकिरी, कडक झाला होता. दोन वर्षांहून जास्त या घरात डोळ्यांची डॉक्टर राहत होती आणि तिला त्यांनी परत डोळ्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. डाव्यातला अजून कोवळा होता.

"मग कर तू," काका म्हणाले. "ह्या आठवड्यात कर. मी वही बघितलीया."

मला आयुष्यात इतका मोठा मान कुणी दिला नव्हता, आणि तो मला घेता येत नव्हता. "काका, हा मला जमणार नाही."

"म्हंजे?"

"फार कडक झालाय. असला मोतीबिंदू शिकाऊ हातात देत नाहीत. मॅडम करतील, मी शेजारी असेन."

काकांची मान तिरकी झाली आणि तशीच राहिली. "अख्ख्या जन्मात कुनावर इस्वास ठिवला न्हाई. एकीवर ठिवला, तर ती म्हनती मला येत न्हाई." ते खाली निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काकू भाजी वाढताना म्हणाल्या, "रुसलं न्हाईत. इचार करायल्यात."

तिसऱ्या दिवशी ते इस्पितळात मॅडमसमोर येऊन बसले आणि त्यांनी मॅडमची उलटतपासणी केली. कुठं शिकलात, किती वर्षं, शिकवलं कुणी, त्यांना कुणी शिकवलं, कधी बिघडलं का, बिघडलं तर लिहिलंत का. बाहेर साठ माणसांची रांग होती. मॅडमनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटी काका म्हणाले, "ह्या पोरीनं मला न्हाई म्हनून सांगितलं. हे तुमी शिकवलं का तिला?" मॅडम म्हणाल्या, "ते शिकवायलाच सगळ्यात जास्त वर्षं लागतात." काका उठले. "उजवा तुमी करा. डावा मी हिच्यासाठी राखून ठिवतो."

आणि त्यांनी खरंच राखून ठेवला. मी एम.एस. झाले, सरकारी सेवेचं एक वर्ष केलं, आणखी शिकायला दोन वर्षं परराज्यात राहिले. प्रत्येक दिवाळीला मी फोन केला की काकू सांगायच्या, गल्लीतल्या लोकांनी डावा करून घ्या म्हणून पाठ धरली तरी हे ऐकत नाहीत. मी परत येऊन साताऱ्यात एका इस्पितळात कामाला लागले, तेव्हा काका एस.टी.ने आले. एकटे. उंब्रजपर्यंत उभं राहून आले, कारण बसलं की डोकी मोजता येत नाहीत. आल्या आल्या त्यांनी माझ्या भिंतीवरचं सर्टिफिकेट खालच्या सहीपर्यंत वाचलं, संमतीपत्र तीनदा वाचलं आणि त्यातली एक शुद्धलेखनाची चूक आमच्या कारकुनाकडून दुरुस्त करून घेतली. टेबलावर आडवं झाल्यावर, तोंडावर हिरवं कापड आल्यावर, आतून त्यांचा आवाज आला.

"ह्यो कितवा डोळा?"

"काका, आता मोजत नाही मी."

कापडाखालून ते चिडले. "मोजायचं सोडायचं न्हाई! सोडलं की हात ढिला पडतो. उद्यापास्नं परत मोज."

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "लिवून ठिव." मग मी सुरुवात केली. डोळा छान झाला. दुसऱ्या दिवशी तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी आधी डावीकडून उजवीकडे आणि मग, आपण ती पाठ तर केलेली नाही ना हे स्वतःचं स्वतःच तपासायला, उजवीकडून डावीकडे वाचली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. काकांनी ऐंशी ओलांडली. गेल्या महिन्यात पुतण्याच्या गाडीतून काकू त्यांना तपासायला घेऊन आल्या. डोळे दोन्ही उत्तम. फक्त आतला दाब जरा वाढला होता, म्हणून मी थेंब लिहून दिले. "सकाळी एक, संध्याकाळी एक. बंद करायचे नाहीत."

"बरं," काका म्हणाले.

मी थांबले. कशासाठी, कुठल्या कंपनीचे, न घातले तर काय होईल, तुला कुणी शिकवलं: काहीच आलं नाही. मान सरळ होती. ते माझ्याकडे बघून प्रसन्न हसत होते. मी आपणच सांगू लागले. दाब म्हणजे काय, तो का वाढतो, दुसरेही थेंब मिळतात पण हेच का लिहिले. इतकं तर मी माझ्या परीक्षकांनाही सांगितलं नव्हतं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "तू म्हनतीस तर घालू की."

काकू हळूच म्हणाल्या, "आता समद्याला बरंच म्हनत्यात. दूधवाला कसलं बी घालतो. परवा दारात कोन अनोळखी मानूस आला, तर त्याला आत घेऊन चा पाजला." बोलताना त्यांनी काकांच्या शर्टाची कॉलर नीट केली. "लय सोपं झालंया सगळं. पर घरात करमत न्हाई गं."

मी त्यांना खाली सोडायला गेले. फाटकापाशी तीन-चार गाड्या उभ्या होत्या. पुतण्याने एका गाडीचं दार उघडलं आणि काका काही न विचारता आत जाऊन बसले.